दोन सूत

मंदाकिनीचा उजवा हात प्लास्टरमध्ये,
आणि पडदा खिडकीच्या निम्म्यावर थांबलेला.

बिबवेवाडीत आमच्यासमोर नवी इमारत उठल्यापासून
तिसऱ्या मजल्यावरचा एक माणूस
आमच्या कुकरकडे बघत दात घासतो.
"तयार कापड आणू," मी म्हणालो.
तिनं माझ्याकडे असं बघितलं
जसा मी पितळेला रंधा मारायला निघालोय.
मग डाव्या हातानं
क्रोशाची सुई पुढे केली.

तीस वर्षं भोसरीत लेथवर उभा आहे.
आधी सुतात मोजायचो, दोन सूत कमी, अर्धा सूत जास्त,
पुढे मायक्रॉन आले.
पण सूत असं बोटाला गुंडाळून
कधी घेतलं नव्हतं.

"साखळी घाला. आता मुका खांब."
मुका का?
"बुटका असतो आणि बोलत नाही.
ओळखीचा वाटेल तुम्हाला."

सेकंड शिफ्टहून आल्यावर, रात्री साडेबाराला,
पहिली ओळ पुरी झाली.
व्हर्निअर लावून बघितलं:
अकरा जाळ्या, अकरा मापं.
एवढी हसली, एवढी हसली,
की प्लास्टरच्या आत खाज सुटली
आणि स्वेटरची लांब सुई सारून
मलाच खाजवून द्यावं लागलं.

"दोऱ्याचा गळा कशाला दाबताय?
भाजीवाल्याला पन्नासची नोट देताना धरता ना, तसा धरा.
सुटेल, पण लगेच नाही."

उसवलं. घातलं. उसवलं.
एकदा तर चार ओळी,
फक्त तिला लांबून
डावीकडे काहीतरी खटकलं म्हणून.
आमच्याकडे इन्स्पेक्शनला तरी कारण लिहितात.

दोरा संपला. रविवारी बोहरी आळीत.
"पांढरा द्या."
"कुठला पांढरा?" म्हणून मुर्तझाभाईंनी
काउंटरवर सात रिळं मांडली,
एक चुन्याचा, एक साबुदाण्याचा,
एक नव्या शाळेच्या सदऱ्याचा.
मी जो आणला तो ट्यूबलाइटखाली
तिनं दोन सेकंदांत नापास केला.
परत स्वारगेट, परत गर्दी,
खिशात तिच्या पडद्याचा वीतभर दोरा,
पुरावा असावा तसा.

एकदा जेवणाच्या सुट्टीत
पितळेचा एक तुकडा चकवर चढवला.
टोकाला खाच, मानेला उतार,
झिरो नंबरच्या पेपरनं शेवटचा हात.
तिनं डाव्या चिमटीत फिरवून बघितली.
"जड आहे," म्हणाली,
आणि अंबाड्यात खोचली.

पडदा टांगला त्या दिवशी
आम्ही दोघं बराच वेळ गप्प उभे.
वरचा तिचा भाग ऐसपैस,
हवेला वाट देत सुटलेला.
खालचा माझा, घट्ट, आकसलेला.
सगळा मिळून नरसाळं.
पाण्यात भिजवला, टाचण्या मारून गादीवर ताणला,
एक रात्र आम्ही सतरंजीवर झोपलो,
तरी दोन्ही कडांना दोन-दोन सूत कमीच.

जोडावर तिनं निळा दोरा बांधून घेतला.
"हात मोकळा झाला की
इथून खालचं सगळं काढीन."

प्लास्टर संक्रांतीच्या आधी निघालं.
आता चैत्र आहे.
निळा दोरा आहे तिथेच.
दुपारी ऊन येतं तेव्हा ओट्यावर
वर मोठी भोकं, खाली बारीक,
आणि ती त्या बारीक उन्हात
गवार मोडत बसते.
मी विचारत नाही. मुका खांब.

काल समोरचा माणूस
ब्रश तोंडात धरूनच गॅलरीतून ओरडला,
"वहिनी, असा एक आम्हाला मिळेल का करून?
तुमची बाई सारखी इकडेच बघत असते, म्हणते माझी बायको."

मी चहाचा कप घेऊन आत सरकलो.
मंदाकिनीनं पडदा बाजूला केला,
अंबाड्यातली सुई चाचपली.

"मिळेल," म्हणाली.
"पण वेळ लागेल.
आमच्या कारागिराची
या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे."